परक्या घरी वाढणारे मूल आणि त्याची शाळा

घोटीचे नाव घेतले की आपल्यापैकी अनेकांना भाताच्या गिरण्या आठवतात, मुंबई-आग्रा महामार्गावरची वर्दळ आठवते, कळसूबाईकडे आणि भंडारदऱ्याकडे वळणारा रस्ता आठवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने वर्तमानपत्रांत आले. घोटीजवळच्या एका कातकरी वस्तीवरची दहा वर्षांची मुलगी नाशिकच्या रुग्णालयात मरण पावली. त्यापूर्वी ती तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मेंढपाळाकडे मेंढ्या राखण्याच्या कामाला होती. तिला निपचित अवस्थेत घरापाशी आणून सोडण्यात आले होते. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, घोटी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि मग एक भयानक वस्तुस्थिती उजेडात आली. परिसरातील आणखीही कातकरी मुले अशीच काही मेंढपाळांकडे कामाला ठेवलेली होती. मोबदला म्हणून आईबापांच्या हाती पडली होती थोडीशी रक्कम आणि एखादी मेंढी. वेठबिगारी देशात १९७६ च्या कायद्याने बंद झाली, असे आपण शाळेत शिकलो होतो.

अशा बालकांची ओळख उघड करण्यास कायदा मनाई करतो आणि आमचा विवेकही तेच सांगतो. म्हणून त्या मुलीचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. परंतु एक गोष्ट लिहिणे भाग आहे. ज्या वस्तीवरून ती गेली तो नाशिक जिल्हा आणि जेथे ती राबली तो अहिल्यानगर जिल्हा, हे दोन्ही आपल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. ही दूरदेशीची बातमी नाही.

त्या वेळी या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. दोषींना शिक्षा, पालकांचे दारिद्र्य, शासनाची जबाबदारी, या सर्व गोष्टींचा ऊहापोह झाला आणि तो आवश्यकच होता. आम्ही येथे त्याच्याशी निगडित असलेल्या, परंतु कमी बोलल्या गेलेल्या एका प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जे मूल काही कारणाने स्वतःच्या आईबापांच्या घरी वाढू शकत नाही, त्याच्या शिक्षणाचे काय होते? आणि ते शिक्षण पूर्ण व्हावे म्हणून आपण, धर्मग्रामातील सामान्य माणसे, काय करू शकतो?

राबायला गेले की वाढायला?

मूल आपले घर सोडून दुसऱ्याच्या घरी राहायला जाते, ही गोष्ट मुळात वाईट नाही. आपल्या समाजात मामाकडे, मावशीकडे, आजीकडे शिकायला राहिलेली कितीतरी माणसे आहेत. पवित्र शास्त्रात तर याचे ठळक उदाहरण आहे. निर्गमाच्या पुस्तकात फारोच्या कन्येला नदीकाठी लव्हाळ्यात बाळ मोशे सापडतो. बाळाची बहीण चतुराईने त्याच्या खऱ्या आईलाच दाई म्हणून बोलावून आणते आणि राजकन्या त्या आईला बाळाच्या संगोपनासाठी वेतन देऊ करते. संकटात सापडलेले मूल, त्याला सांभाळणारे कुटुंब आणि त्या सांभाळासाठी ठरवून दिलेला खर्च, अशी आजच्या संगोपन योजनेची सारी अंगे त्या कथेत दिसतात. पुढे मोशे राजवाड्यात वाढला. प्रेषितांच्या कृत्यांत संत स्तेफन आवर्जून सांगतो की मिसर देशातील सर्व विद्या त्याला शिकवण्यात आली होती. परक्या घराने त्या मुलाला केवळ अन्न दिले नाही, विद्याही दिली.

मग घोटीजवळची मुलगीही परक्या घरी गेली होती आणि मोशेही गेला होता. फरक कोठे आहे? आमच्या मते तो ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. परक्या घरी राहणारे ते मूल रोज शाळेत जाते का? जात असेल तर ते बहुधा वाढायला गेले आहे. जात नसेल तर ते राबायला गेले आहे, मग त्याला घेऊन जाणारा नातेवाईक असो वा अनोळखी.

शाळेला आम्ही एवढे महत्त्व का देतो? अक्षरओळख होते हे एक कारण आहेच. परंतु त्याहून तातडीचे कारण म्हणजे शाळेत जाणारे मूल दिसत राहते. हजेरीपटावर त्याचे नाव रोज पुकारले जाते. ते चार दिवस आले नाही तर कोणीतरी विचारते. अंगावर वळ दिसला तर एखाद्या बाईंच्या लक्षात येते. डोंगरातल्या मेंढ्यांच्या वाड्यावर हजेरीपट नसतो.

कायद्याने काय ठरवले आहे?

आईबापांवाचून राहिलेल्या मुलांबाबत आपल्याकडे दोन शब्दांची सरमिसळ होते. दत्तक घेतल्याने मूल कायमचे त्या कुटुंबाचे होते. नाव, वारसा, नाते सर्व बदलते. प्रतिपालन, ज्याला इंग्रजीत फॉस्टर केअर म्हणतात, ते वेगळे आहे. त्यात मूल काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात राहते, त्याचे मूळ नाते तुटत नाही आणि परिस्थिती सुधारली तर ते स्वतःच्या घरी परत जाऊ शकते.

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालनाची तरतूद आहे. मूल कोणाकडे द्यायचे हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते. त्या कुटुंबाची योग्यता तपासली जाते, खर्चासाठी शासनाकडून मदत मिळू शकते आणि समितीने दरमहा पाहणी करावी असे कायदा सांगतो. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही सांभाळणाऱ्या कुटुंबाची जबाबदारी असल्याचे याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे शाळा ही येथे दयेची गोष्ट राहत नाही. मूल सांभाळायला मिळण्याची ती अटच आहे.

केंद्र शासनाने २०२४ मध्ये प्रतिपालनाची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. पूर्वी केवळ विवाहित दांपत्यांचा विचार होत असे. आता ३५ ते ६० वर्षे वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्तीही अर्ज करू शकतात; एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी दिली जात नाही. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षिका, परिचारिका आणि एकट्या राहणाऱ्या सुशिक्षित भगिनी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे दार उघडले आहे, हे अद्याप फार थोड्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात याच हेतूने बालसंगोपन योजना चालते. तिचे आजचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असे आहे. अनाथ, निराधार, एकच पालक असलेल्या, दुर्धर आजाराने ग्रासलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या पालकांच्या अठरा वर्षांखालील मुलांना तिचा लाभ मिळतो. वर्षानुवर्षे या योजनेत मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत. ती रक्कम पुढे १,१०० रुपये झाली आणि २०२३ पासून २,२५० रुपये करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वासाठी तसेच प्रतिपालनासाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. तेथे प्रायोजकत्वासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपेक्षा आणि शहरी भागात ९६,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे.

या रकमा मोठ्या नाहीत. तरीही ज्या आजीला नातवाला कामाला ठेवण्यावाचून गत्यंतर दिसत नाही, तिच्या दृष्टीने महिन्याचे २,२५० रुपये आणि मेंढपाळाने देऊ केलेली मेंढी यांची तुलना करून पाहावी. मदत वेळेवर तिच्या हाती पडली असती तर? हा प्रश्न आम्हाला अस्वस्थ करतो.

जगाचा अनुभव

घर सुटलेल्या मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. त्यातील तीन निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला निष्कर्ष रुमानियातला. तेथील अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ बालकांचा अभ्यास बुखारेस्टमध्ये २००० नंतर सुरू झाला. त्यांपैकी निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आली, उरलेली संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि जिव्हाळ्याची क्षमता अधिक चांगली वाढली. आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. उत्तम संस्थाही घराची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरा निष्कर्ष इंग्लंडमधला. ऑक्सफर्ड व ब्रिस्टल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की दीर्घकाळ स्थिर प्रतिपालनात राहिलेली मुले, अडचणीत असलेल्या स्वतःच्या घरी राहिलेल्या मुलांपेक्षा परीक्षेत चांगली कामगिरी करतात. मात्र घर बदलले की गुण घसरतात आणि शालान्त परीक्षेच्या तोंडावर शाळा बदलली तर फारच घसरतात. तेव्हा स्थैर्य हे शिकवणी वर्गापेक्षाही मोलाचे आहे. त्या देशात २०१४ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनात एक अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. त्या भागातील घर सुटलेली सर्व मुले, ती कोणत्याही शाळेत असोत, जणू एकाच शाळेत आहेत असे मानून हा अधिकारी त्यांच्या अभ्यासावर लक्ष ठेवतो.

तिसरा निष्कर्ष अमेरिकेतला. इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांतील प्रतिपालनात वाढलेल्या सातशेहून अधिक तरुणांचा मागोवा २००२ पासून ते सव्वीस वर्षांचे होईपर्यंत घेण्यात आला. त्या वयापर्यंत महाविद्यालयीन पदवी किंवा पदविका मिळवलेल्यांचे प्रमाण जेमतेम ८ टक्के निघाले. परंतु त्यातही फरक होता. इलिनॉय राज्यात मुलांना अठराऐवजी एकविसाव्या वर्षापर्यंत आधार मिळत असे. तेथील तरुण महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण इतर दोन राज्यांपेक्षा बरेच अधिक होते. अठराव्या वर्षी हात सोडला तर शिक्षण सुटते, तीन वर्षे अधिक धरला तर टिकते.

शाळा नेमकी कोठे सुटते?

आता हाच विचार आपल्या मातीत करून पाहू. समजा, घोटीजवळच्या एका पाड्यावर एक मुलगी आहे. वडील वारले. आई कामाच्या शोधात गेली ती परतली नाही. मुलगी आजीजवळ राहते. तिच्या शिक्षणाच्या वाटेवर कोणकोणते उंबरठे आहेत?

पहिला उंबरठा प्रवेशाचा. जन्म घरीच झाला, दाखला नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. परंतु हे आजीला कोण सांगणार? शाळेच्या दारातून ती एकदा परत गेली, तर पुन्हा यायला एखादे वर्ष लागते.

दुसरा उंबरठा वयाचा. जे मूल दोन-तीन वर्षे कामावर होते, ते दहाव्या वर्षी सुटून आले तर त्याला कोणत्या वर्गात बसवायचे? कलम ४ म्हणते, वयानुरूप वर्गात. आणि त्या वर्गाच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे. यातील पहिला भाग सहज पाळला जातो, दुसरा राहून जातो. मग पाचवीत बसलेल्या मुलाला पहिलीचे पुस्तक वाचता येत नाही. ते लाजते, मागच्या बाकावर जाते आणि एक दिवस येईनासे होते. पुष्कळदा ज्याला आपण मुलाची नावड म्हणतो ती अशी तयार झालेली लाज असते.

तिसरा उंबरठा स्थलांतराचा. भाताची आवणी आटोपली, कापणी झाली की पाडे ओस पडू लागतात. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी बांधकामावर. मूल बरोबर गेले तर शाळा बुडते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय शासनाने केलेली आहे. परंतु मूल मागे ठेवायचे तर त्याच्याकडे रात्री पाहणारे एखादे भरवशाचे माणूस लागते. नव्या गावी शाळेत घालायचे तर जुन्या शाळेचा दाखला मागितला जातो. दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवू नये, असे कलम ५ सांगते. हेही पालकांना ठाऊक नसते.

चौथा उंबरठा आठवीनंतरचा. शिक्षण हक्क कायद्याची सावली सहा ते चौदा या वयापर्यंतच आहे. पाड्यावरची शाळा त्याआधीच संपते. पुढे घोटीसारख्या मोठ्या गावी जायचे तर एसटीचा पास, गणवेश, सायकल आणि मुलीच्या बाबतीत सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. याच वयात मुलगी घरकामाला उपयोगी पडू लागते आणि तिच्या लग्नाचा विषयही याच वयात निघतो.

पाचवा उंबरठा कागदपत्रांचा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, महाविद्यालयीन प्रवेश या प्रत्येकासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि बँक खाते लागते. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे. तिच्यासाठी सवलती आहेत. परंतु अनुसूचित जमातीचा दाखला वडिलांकडील जुन्या पुराव्यावर मिळतो. ज्या मुलीला वडीलच नाहीत, तिच्यासाठी तो पुरावा कोण शोधणार? येथे हुशारी कामाला येत नाही. तहसील कचेरीत चार वेळा खेटे घालणारा प्रौढ माणूस लागतो.

सहावा उंबरठा अठराव्या वाढदिवसाचा. त्या दिवशी बालसंगोपनाची मदत थांबते. बहुतेक मुले तेव्हा बारावीत किंवा नुकतीच बारावी झालेली असतात. ज्या वयात आपली स्वतःची मुले आईवडिलांच्या खर्चाने पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी धावपळ करत असतात, त्याच वयात या मुलांना भाड्याची खोली आणि दोन वेळचे जेवण शोधावे लागते. कायदा येथेही अगदी गप्प नाही. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना कलम ४६ अन्वये एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत, अनुरक्षणाची मदत मिळू शकते. मिशन वात्सल्यमध्ये तिचीही रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. परंतु अर्ज वेळेत करावा लागतो आणि आठवण करून देणारे घरी कोणी नसते.

कागद नसण्याची किंमत किती असते, हे अमृता करवंदे या तरुणीमुळे महाराष्ट्राला कळले. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी पुण्यात काम करत शिकली आणि स्पर्धा परीक्षेला बसली. परंतु जातीचा किंवा उत्पन्न गटाचा कोणताच दाखला नसल्याने तिला खुल्या गटात मोजले गेले आणि नोकरी हुकली. तिने थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत धाव घेतली. त्यानंतर २०१८ मध्ये राज्य शासनाने अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला आणि पुढे नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथ मुलांचाही त्यात विचार झाला. एका मुलीच्या चिकाटीने हजारोंसाठी वाट उघडली. मात्र त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते, हे अशी मुले सांभाळणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

वरील सहाही उंबरठे पुन्हा पाहा. प्रत्येक ठिकाणी कायदा आहे, बहुतेक ठिकाणी योजनाही आहे. कमी पडते ते एकच: त्या मुलीचा हात धरून उंबरठा ओलांडून देणारे, सहाव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत न बदलणारे एक माणूस.

आपला वारसा आणि आपली मर्यादा

आईबाप हरवलेल्या मुलांना शिकवण्याचे काम ख्रिस्ती लोकांनी या जिल्ह्यात फार पूर्वी सुरू केले. नाशिककर आज ज्याला शरणपूर रोड म्हणतात, त्या रस्त्याला नाव देणारे शरणपूर हे एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र होते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली जात. त्यांना अक्षरे शिकवली जात, सुतारकी-लोहारकी शिकवली जात. त्यांतील जेकब वेनराइट हा तरुण पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शोधमोहिमेत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा त्यांचे नाव झाडाच्या खोडावर कोरणारा आणि त्या प्रवासाची नोंदवही लिहिणारा हाच होता, कारण त्याला लिहिता येत होते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. गुलामांच्या बाजारातून सुटलेल्या एका पोराला नाशिकच्या शाळेने इतिहासाचा साक्षीदार केले.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेनेही बोर्डिंगे आणि बालसदने चालवून पिढ्यान् पिढ्या मुलांना घडवले. धर्मभगिनींच्या त्यागाचे ऋण आम्ही विसरणार नाही. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतः त्या बोर्डिंगात वाढलेले असतील. तथापि प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी. बोर्डिंगातून दहावी होऊन बाहेर पडलेल्या मुलाचे पुढे काय झाले, याचा माग आपण नेहमीच घेतला असे नाही. फाटकातून आत आलेल्या प्रत्येकाची नोंद आपण ठेवली. बाहेर पडल्यानंतरची वही पुष्कळदा कोरी राहिली. आज कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो आणि कुटुंबाला पहिला. ही आपल्या कामावरची टीका समजू नये. पवित्र कुटुंबाचा आदर्श मानणाऱ्या ख्रिस्तसभेने तरी कुटुंबाला दिलेल्या या प्राधान्याचे स्वागतच करावे.

सिंधुताई सपकाळ यांचे स्मरण येथे होते. स्वतः जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या या माईने अनाथांची आई होऊन शेकडो मुले वाढवली. २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलांत वकील होते, डॉक्टर होते. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून आईचे काम संपत नाही, हे त्यांच्या घराने दाखवून दिले.

धर्मग्रामात काय करता येईल?

प्रत्येक कुटुंब मूल सांभाळायला घेऊ शकेल असे नाही आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु पुढील गोष्टी कोणत्याही धर्मग्रामाला शक्य आहेत.

सर्वप्रथम, पाहणे. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या आळीत, पाड्यावर, चाळीत परक्या घरी राहणारी मुले कोण आहेत आणि ती शाळेत जातात का, एवढे विचारावे. आपल्या स्वतःच्या घरात कामाला ठेवलेली मुलगी चौदा वर्षांखालील असेल, तर पाहणीची सुरुवात तेथूनच करावी. ते पाप तर आहेच, गुन्हाही आहे. शंकास्पद काही आढळले तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. हा दूरध्वनी विनामूल्य आहे.

दुसरे, कागद. धर्मग्रामात निवृत्त शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी असतात. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी महिन्यातून एक रविवार मिस्सानंतर यासाठी द्यावा. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो. त्याला पालकाच्या मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाईड दाखला जोडावा लागतो. ज्याला कचेरीची सवय आहे त्याला हे काम काही दिवसांचे. आजीला ते आयुष्यभर जमणार नाही.

तिसरे, सोबत. स्नानसंस्काराच्या वेळी आपण धर्मपिता आणि धर्ममाता नेमतो. त्या नात्याचा अर्थ केवळ वाढदिवसाची भेट एवढाच उरला आहे का? एका मुलामागे एक प्रौढ व्यक्ती, अशी जबाबदारी धर्मग्रामाने वाटून द्यावी. तिने पालकसभेला जावे, प्रगतिपुस्तकावर नजर टाकावी, दहावीचा अर्ज भरताना बरोबर बसावे. मूल नापास झाले तर १७ नंबरचा फॉर्म, आयटीआय किंवा नाशिकचेच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, असे मार्ग दाखवावेत. आणि अठराव्या वाढदिवसानंतर तीन वर्षे तरी हा संबंध तुटू देऊ नये. अशा व्यक्तीने मुलाला एकांतात भेटू नये, सांभाळणाऱ्या कुटुंबाला आणि शाळेला विश्वासात घेऊनच भेटावे, हा दंडक कठोरपणे पाळावा.

चौथे, घर. ज्यांना शक्य आहे त्यांनी प्रतिपालक कुटुंब म्हणून रीतसर अर्ज करावा. कोणाचेही मूल परस्पर, समितीच्या आदेशावाचून घरी आणू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. घोटीच्या प्रकरणातही व्यवहार परस्परच झाले होते.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक वाटते. ही सेवा कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशा कोणत्याही मुलासाठी आहे आणि तिच्या बदल्यात काहीही अपेक्षित नाही. मुलाची भाषा, त्याचे देवधर्म, त्याचे सणवार यांचा मान राखला पाहिजे. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता; त्याने धर्मशाळेचा खर्च दिला आणि अधिक खर्च झाल्यास तो परत येऊन फेडण्याचे वचन दिले. आम्हाला त्या दाखल्यातील हे परत येण्याचे वचन फार महत्त्वाचे वाटते. एकदा मदत करणारे पुष्कळ असतात, परत येऊन विचारणारे थोडे.

योसेफाचे घर

पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफ वर्षाची घोषणा केली. त्या निमित्ताने लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात त्यांनी एक मर्मग्राही विचार मांडला: केवळ मूल जन्माला घातल्याने कोणी पिता होत नाही, त्या मुलाची जबाबदारी स्वीकारल्याने होतो, आणि जो कोणी दुसऱ्याच्या जीवनाची जबाबदारी उचलतो तो त्याचा पिता होतो. नाझरेथच्या त्या सुताराने आपल्या रक्ताचे नसलेले मूल सांभाळले. त्याला हाताला काम शिकवले, सभास्थानात नेले, सणाला यरुशलेमला नेले. बारा वर्षांचा येशू तेथे शास्त्रीपंडितांत बसून प्रश्न विचारत होता, तेव्हा तीन दिवस त्याला शोधत फिरणाऱ्यांत योसेफही होता.

कातकरी पाड्यावरची ती मुलगी दहा वर्षांची होती. तिच्या वयाची मुले तेव्हा पाचवीत बसत होती. ती वर्गात नाही हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवे होते आणि कोणीतरी तिला शोधत निघायला हवे होते. तिच्यासाठी आता आपण प्रार्थनाच करू शकतो. परंतु येत्या जूनमध्ये शाळा पुन्हा उघडतील, हजेरीपट वाचले जातील आणि काही नावांपुढे गैरहजर असा शेरा पडेल. त्यांपैकी एखादे मूल आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत राहत असेल. त्याला शोधायला निघण्यासाठी आपल्याला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.